शेजारच्या सीटच्या खुणा

मी सातवी नापास. इंग्रजी म्हणाल तर नट-बोल्टवरचे आकडे वाचता येतात, तेवढंच. चाळीस वर्षं उद्यमनगरात लेथवर उभा राहिलो. निम्मी दुसऱ्याच्या लेथवर, निम्मी स्वतःच्या. असल्या माणसाच्या दारात जर्मन गाडी कशी आली, हे लोक अजून विचारतात. दारात आलीच नाही. शिवाजी पेठेतल्या आमच्या गल्लीत ती वळतच नाही. ती वर्कशॉपच्या आवारात कडुनिंबाखाली उभी असते.

आमच्या मंडळींच्या मणक्यात गॅप होता. रिक्षात बसली की हुंकार, एसटीत बसली की डोळ्यांत पाणी. इचलकरंजीचा एक यंत्रमागवाला माझं जुनं गिऱ्हाईक. एका लग्नाहून येताना त्यानं आम्हाला आपल्या गाडीतून घरी सोडलं. ही वाटेत झोपली. गल्लीच्या तोंडाला उतरली ती कशाला न धरता उतरली, आणि मला म्हणाली, "अवो, कंबर हाय का न्हाय तेच कळलं न्हाय." पुढं तो गाडी विकायला निघाला तेव्हा मी घेतली. बारा वर्षांची, काळी, सहा सिलिंडरची. तालमीच्या कट्ट्यावरच्यांनी दमच धरला नाही. एकजण म्हणाला, पावणं, गाडी घेतलासा, आता वर्कशॉप कधी विकतासा ते बी सांगा.

घेतल्यावर आधी मी ती खोलून बघितली. बघितल्याशिवाय मला झोप येत नाही. इंजिनाच्या खालच्या अंगाला एक ब्रॅकेट आहे. गाडी भंगारात जाईपर्यंत ते कुणाच्या नजरेला पडणार नाही. मी ते काढून हातात घेतलं, तर त्याच्या मागच्या बाजूची कडसुद्धा गोल केलेली. बोट फिरवलं, कुठं बोचलं नाही. मी माझ्या आयुष्यात असल्या न दिसणाऱ्या जागी कधी कानस फिरवली नव्हती. त्या दिवशी दिव्याखाली उभं राहून मला लाज वाटली आणि हात जोडावेसे वाटले, दोन्ही एकदम. ज्यानं ते केलं तो माझ्यासारखाच लेथवरचा कोणतरी असणार. त्याचं नाव मला कधी कळणार नाही.

सगळंच काही देवाचं नव्हतं म्हणा. मागच्या बाजूला पाण्याचा एक प्लास्टिकचा पाइप होता, तो हात लावताच पापडासारखा मोडला. नवा मागवला तर तोही प्लास्टिकचाच. मी तसाच अॅल्युमिनियमचा लेथवर टर्न करून बसवला. अजून थेंब गळत नाही. ही म्हणाली, "जर्मनीची चूक काढायला सातवी नापास लागला म्हणा की." आठवडाभर पाव्हण्या-रावळ्यांना हेच सांगत होती. वरून चेष्टा, पण आवाजात कौतुक होतं, मला कळायचं.

त्या गाडीत ड्रायव्हरशेजारच्या सीटला बटणं आहेत. सीट पुढं-मागं होते, वर-खाली होते, पाठ कलते, कमरेपाशी फुगवटा येतो. हिनं माप जमवायला चार दिवस घेतले. चौथ्या दिवशी गगनबावड्याच्या रस्त्याला होतो. बटण दाबायची, कण्हायची, परत दाबायची. घाट जवळ आला तशी एकदम म्हणाली, "हां. हितंच. आता हलवू नगासा." आणि एक नंबरचं बटण दाबून ते माप गाडीत ठेवलं. त्यानंतर शेजारी कुणी का बसेना, कितीही मागं सरकवू दे, हिनं एक नंबर दाबला की सीट हळूहळू चालत यायची आणि हिच्या मापाला थांबायची. दरवेळी ही हसायची. म्हणायची, तुमच्यापरीस हिला माझी कंबर म्हाईत हाय. खोटं नव्हतं.

ती गेली त्याला दोन वर्षं झाली. कमरेनं नाही, काळजानं गेली. त्याबद्दल मला लिहिता येत नाही.

त्यानंतर त्या सीटवर मी कुणाला बसू दिलं नाही. लेकीची पोरं आली तरी मागं बसायची. गाडी पण फारशी काढली नाही. एक अख्खा पावसाळा ती कडुनिंबाखाली उभी राहिली. वरच्या काचेच्या छपराला पाणी जायला बारीक नळ्या असतात. दर जूनमध्ये मी त्या फुंकून साफ करायचो. त्या वर्षी केल्या नाहीत. निंबाचा पाला बारीक, नळ्या तुंबल्या, आणि पाणी आतून उतरलं. मला कळलं तेव्हा रोज सकाळी बॅटरी मेलेली असायची.

आमच्या मागच्या लेनमध्ये हुपरीकडची एक बाई लॅपटॉप लावून गाड्यांचं इलेक्ट्रॉनिक काम करते. तिशी ओलांडलेली, बोलायला माझ्यासारखीच. तिनं शेजारच्या सीटखाली गालिच्यात हात घातला आणि मनगटापर्यंत ओला बाहेर काढला. म्हणाली, सीट चालवणारा खालचा इलेक्ट्रॉनिक डबा बुडालाय, तोच रात्रभर बॅटरी खातोय. डबा काढायचा तर सीट काढायला लागणार. बोल्ट सीटच्या पोटाखाली, म्हणून आधी मोटरला सरळ करंट देऊन सीट पुढं-मागं सरकवायला लागणार.

मी म्हटलं, सीट हलणार नाही.

तिला वाटलं म्हातारा खर्चाला भितोय. ती समजावत राहिली. शेवटी मी सांगितलं, ती सीट दोन वर्षं तशीच आहे, ती कशी आणि कुणाची ते. ती हात पुसत बसली. मग म्हणाली, माप डब्यातल्या एका चिपमध्ये आकडे होऊन बसलेलं असतं. नखाएवढी चिप. ती काढून आकडे वाचते, दुसऱ्या डब्यात घालते.

"आणि पाणी चिपपर्यंत गेलं असलं तर?"

"तर गेलं, काका."

तिनं खोटा धीर दिला नाही, म्हणून मी हो म्हटलं. पण आधी जाऊन माझा पंच आणि हातोडी आणली. माझ्या मिस्त्रीनं मला पहिल्या आठवड्यात शिकवलं होतं, की एकमेकांत बसलेले दोन भाग खोलायच्या आधी दोन्हीवर समोरासमोर पंचानं ठिपका मारायचा. परत जोडताना ठिपक्याला ठिपका भिडवायचा. यंत्र कुठलं का असेना. मी गाडीत आडवा झालो. एक ठिपका सीटच्या रुळावर, एक त्यावर सरकणाऱ्या पट्टीवर. फरशीपासून सीटची उंची हाइटगेजनं घेतली. पाठीचा कोन, फुगवटा, सगळं मोजून वहीत लिहिलं.  ठिपका मारायच्या आधी पंच तीनदा उचलून खाली ठेवला होता.

तिनं करंट दिला. सीट सरकली. मी निंबाकडं बघत राहिलो.

डबा उघडला तर आत हिरवं बुरशीसारखं गंजलेलं. तिनं चिप काढून लॅपटॉपला जोडली. पडद्यावर आकड्यांच्या ओळी आल्या. एका जागी बोट ठेवून ती म्हणाली, एक नंबरचं माप इथं असायला पाहिजे होतं. तिथं एकच अक्षर, ओळीच्या ओळी. कोरी पाटी. मला गाडीचा राग आला नाही. बनवणाऱ्यांनी नळ्या दिल्या होत्या. फुंकायच्या मी विसरलो.

मी उठायला लागलो, तशी ती म्हणाली, "थांबा. काका, ह्यात अजून एक माणूस हाय."

दोन नंबरच्या बटणाचं माप धडधाकट होतं. मी म्हटलं, दोन नंबर आम्ही कधी वापरलाच नाही. ती आकडे बघत म्हणाली, कुणीतरी मोठा माणूस आहे, लांब पायांचा. सीट पार मागं, खाली, आणि पाठ जरा वेगळीच.

गालिचा चार दिवस उन्हात वाळवला. दुसऱ्या गाडीतला जुना डबा मिळाला, त्यात तिनं ते दोन नंबरचं माप घातलं आणि सीट बसवली. मग मी टॉर्च घेऊन खाली आडवा झालो, ती बटणावर. जरा पुढं. आता माघारी. बस. ठिपक्याला ठिपका भिडला. वहीतली उंची जमवली, कोन जमवला, फुगवटा जमवला, आणि एक नंबर दाबून ठेवून दिलं. आता पारख. तिनं सीट मुद्दाम पार मागं नेली आणि एक नंबर दाबला. सीट चालत आली, शेवटच्या बोटभर अंतराला हळू झाली आणि थांबली. मी भिंग लावून बघितलं. दोन ठिपके समोरासमोर. मधे केस बसायला जागा नाही. एवढं वजन, एवढ्या मोटरी, आणि हे माप. मी तसाच खाली पडून राहिलो थोडा वेळ.

"दोन दाबू का?" तिनं विचारलं.

सीट मागं गेली, खाली बसली, पाठ वळली. बसा की काका, म्हणाली. मी बसलो. पाय पुरले. चाळीस वर्षं लेथवर वाकून माझ्या पाठीला उजवीकडं एक बाक आलाय, तिथं बरोबर फुगवटा टेकला. आणि मग आठवलं. माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तेव्हा जावई गाडी चालवत होता, मी शेजारी, डोळ्याला पट्टी. ही मागं बसून, पुढं वाकून माझ्या सीटपाशी काहीतरी खुडबुड करत होती. मी खेकसलो होतो, "काय करालीस मागं?"

"गप बसा. मापात बसवतो तुमास्नी," ती म्हणाली होती. आणि कट्ट असा आवाज आला होता. कसला, ते मी विचारलं नव्हतं.

"कळलं का कुणाचं हाय?" लॅपटॉपवाली दारात उभी होती.

कळलं म्हटलं. मग तिला म्हटलं, चावी घे आणि हायवेला एक चक्कर मार, मी इथंच बसतो. कागलपर्यंत गेलो. तिनं पाय दाबला तेव्हा इंजिनाचा आवाज पाठीतून आत आला. एवढी वर्षं गाडी चालवून मला तो असा कधी ऐकू आला नव्हता. हिला रोज येत असणार.

परत आल्यावर मी उतरलो, बाहेरून वाकून एक नंबर दाबला. सीट पुढं आली, वर झाली, थांबली. मग दार लावलं.