चंद्रकलाबाईंना समजेल असं

मी चंद्रकलाबाईंशी खोटं बोललो होतो. गेल्या महिन्यात त्या गेल्याचा फोन कामठीहून आला, तेव्हा आधी आठवलं ते हेच.

पीएच.डी.साठी मी कामठीतल्या विणकर घरांमधल्या बायकांची स्मरणशक्ती तपासत होतो. निम्म्या जणींना मुद्दाम ‘तुमची स्मरणशक्ती कमी आहे’ असं सांगायचं आणि पुढच्या चाचणीवर त्याचा परिणाम बघायचा, असा तो प्रयोग. शेवटी प्रत्येकीला खरं सांगणं बंधनकारक होतं. मला प्रबंध उरकायची घाई होती... मी गेलोच नाही.

काही महिन्यांनी चंद्रकलाबाई शेअर ऑटोनं नागपूरला, थेट माझ्या कॉलेजात आल्या. कितीतरी भजनं तोंडपाठ असलेल्या या बाईंनी माझा निकाल ऐकून मंडळात पुढे बसणं सोडलं होतं. विसरण्यावर काही औषध आहे का, एवढंच त्यांना विचारायचं होतं. मी घाबरत खरं सांगितलं, वर प्रयोगाचं महत्त्वही समजावलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

“अन् बाकीच्यायले काहून नाही सांगतलं, सर?”

त्याच आठवड्यात त्यांनी मला घरोघरी फिरवलं. “म्हंजे मी हुशारच आहो. हे जरा जोरानं सांगा, माह्या सुनेले ऐकू जाऊ द्या,” एक आजीबाई म्हणाल्या. पुढच्या भजनाला चंद्रकलाबाई पुन्हा पुढे बसल्या.

नंतर कॉलेजात संशोधनाची नैतिकता समिती झाली, तेव्हा सामान्य माणसांच्या वतीनं प्राचार्यांनी त्यांनाच घेतलं. सातवी शिकलेल्या बाई प्रत्येक संमतीपत्र मोठ्यानं वाचत. “हे मले समजलं नाही,” म्हणाल्या की ते परत. बड्या प्राध्यापकांचीही परत गेली. भाग घेणाऱ्यांना एवढं कळायची गरज काय, असं एकानं विचारलं. “मंग सही काहून घेता त्याईची?” बाई म्हणाल्या. तो प्रकल्प तिथंच थांबला. आज आमचे विद्यार्थी संमतीपत्र आधी घरी आईला वाचून दाखवतात आणि मगच समितीकडे आणतात. हा नियम कुठे लिहिलेला नाही, पण मोडत कुणी नाही.

मी मात्र इतक्या वर्षांत त्यांची माफी मागितली नव्हती. त्या आजारी पडल्या, तेव्हा रामदासपेठेतल्या दवाखान्यात मी एक पत्र घेऊन गेलो. ‘संशोधनाच्या तत्कालीन मर्यादांमुळे आपणांस झालेल्या मनस्तापाबद्दल...’ चष्मा लावून त्यांनी ते मोठ्यानं वाचलं, आणि माझ्या हातात परत दिलं.

“हे बी समजलं नाही गा, सर.”

मी कागद खिशात घातला.

“बाई, मी तुमच्याशी खोटं बोललो. खरं सांगायला आलो नाही, कारण माझं काम झालं होतं आणि तुमची मला आठवणही राहिली नव्हती. माझं चुकलं. मला माफ करा.”