फक्कीच्या भिंती

नकाशेकाका नवं घर डोळे मिटून बघायचे. हे मी शब्दशः सांगते आहे. दारात चपला काढल्या, घरमालकांना नमस्कार केला, की काका खरोखरच डोळे मिटून घ्यायचे आणि दोन्ही हात किंचित पुढे धरून ओटीवरून आत चालू लागायचे. अंबरनाथच्या एका नव्या बंगलीत असेच चालता चालता ते थेट फळीच्या कोपऱ्यावर आदळले. कपाळाला हे एवढं टेंगूळ. घराची मालकीण बिचारी हळद आणायला धावली. काका टेंगूळ चोळत म्हणाले, "घर उत्तम आहे, वहिनी. ही फळी तेवढी वीतभर मागे घ्या. घर कसं, डोळे मिटून चालता आलं पाहिजे." बाई हळदीची वाटी हातात घेऊन त्यांच्याकडे बघतच राहिली.

गोष्ट पन्नास सालानंतरच्या पहिल्या काही वर्षांतली. अंबरनाथपासून बदलापूरपर्यंत माळावर बैठी कौलारू घरं उठू लागली होती. दोन-चार गृहनिर्माण सोसायट्यांनी मिळून एक चांगली चाल पाडली होती. दिवाळी उलटली की एका रविवारी सगळी नवी घरं लोकांना बघायला दिवसभर उघडी ठेवायची. हेतू असा की बघणाऱ्याच्या तोंडाला पाणी सुटावं आणि त्याने सभासद व्हावं. दाराला तोरणं, कुठे लिंबाचं सरबत, आणि भिंतींना ओल्या चुन्याचा तो गार वास. भाड्याच्या दोन खोल्यांत दाटीवाटीने राहणारी आम्ही माणसं डबे बांधून निघायचो आणि परक्यांच्या रिकाम्या घरांतून दिवसभर हिंडायचो. नदीवरून आलेलं धुकं उन्हं वर आली तरी माळावर रेंगाळायचं, आणि त्यातून एकेक पांढरं घर हळूहळू पुढे यायचं. परतताना फारसं कुणी बोलत नसे. ज्याचं त्याचं घर ज्याच्या त्याच्या डोक्यात बांधून चाललेलं असायचं.

मी तेव्हा नवी नवरी. अंबरनाथला बिऱ्हाड केलं तेव्हा शेजारच्या खोल्यांत काका आणि काकू राहत होते. आमचे हे आणि काका एकाच कारखान्यात. काका ड्रॉइंग खात्यात दिवसभर यंत्राच्या भागांचे नकाशे काढत आणि संध्याकाळी पाटावर कागद पसरून स्वतःच्या घराचे. म्हणून नकाशेकाका. त्यांचं खरं आडनाव पोस्टमनलाच काय ते ठाऊक असेल. त्यांना मूल नव्हतं आणि मला आई नव्हती, तेव्हा काकूंनी महिन्याभरात माझा ताबा घेतला. काकू तांदूळ निवडायला बसल्या की खिडकीबाहेर बघत माझ्याशी गप्पा मारायच्या आणि बोटं आपोआप खडे वेचायची. मी म्हणायची, "काकू, तुमच्या बोटांनाच डोळे आहेत." त्या नुसत्या हसायच्या. मी दारात पाऊल टाकलं की "कोण, सुधा का?" असं दर वेळी विचारायच्या. मला वाटायचं, लाडाने विचारतात.

काकांनी बदलापूरला, कुळगावच्या पुढे पाच गुंठे जागा घेऊन ठेवली होती. तिच्यावर एक आंब्याचं झाड होतं, करवंदाच्या जाळ्या होत्या, आणि मधोमध एक दाराची चौकट उभी होती. नुसती चौकट. मागेपुढे घर नाही, भिंत नाही, काही नाही. ही सागवानी चौकट त्यांनी उल्हासनगरच्या निर्वासितांच्या कॅम्पातून आणली. तिथे एक सिंधी गृहस्थ पडलेल्या लष्करी बराकींचं लाकूड विकायचे. सगळे त्यांना साईं म्हणत. त्यांनी काकांना विचारलं, "मकान किधर बनाया?" काका म्हणाले, "अजून नाही. आधी चौकट, मग घर." साईं जरा वेळ चौकटीवर हात फिरवत राहिले. मग म्हणाले, "अपना उलटा हो गया. मकान भी था, चौखट भी थी. सब उधरही रह गया." आणि सुताराला सांगून त्यांनी चौकट रंधून, तेल पाजून दिली.

चौकट बसवताना आपल्याकडे पूजा करतात, ती काकांनी साग्रसंगीत केली. हळदकुंकू वाहिलं, आंब्याचा टहाळा बांधला, नारळ फोडला. गावातली माणसं जमली आणि चौकटीतून पलीकडचं झाड बघून परत गेली.

पुढच्या दिवाळीनंतर घरं बघायचा रविवार आला, तेव्हा काकांनी आपलंही घर बघायला उघडं ठेवलं! चौकटीला तोरण आणि शेजारी खडूने लिहिलेली पाटी, 'घर पाहण्यास उघडे आहे'. आत जमिनीवर पांढऱ्या फक्कीने ओटी, माजघर, स्वयंपाकघर, सगळं नकाशाबरहुकूम आखलेलं. आमचे हे म्हणाले, "म्हाताऱ्याला चळ लागलाय आता." पण बघे आले. आधी हसायला आले आणि मग कोण जाणे कसे, हळू आवाजात बोलू लागले. काका प्रत्येकाला चौकटीबाहेर चपला काढायला लावत. कुणी चुकून रेघ ओलांडली तर मोठ्याने ओरडत, "अहो, भिंत आहे तिथे!" भला थोरला कारकून माणूस दचकून पाय मागे घ्यायचा आणि दारातून वळसा घालून आत यायचा. आतल्या प्रत्येक दाराशी थांबून काका हवेत हात वर करून कडी काढून दाखवायचे. "कडी जरा उंचावर आहे. आमच्या मंडळींचा हात पुरेल एवढी."

साईंही त्या दिवशी बायकोला घेऊन आले होते. दोघं माजघरात उभी राहिली. त्यांची बायको खाली बसली आणि एका जागी तळहात टेकवून सिंधीत काहीतरी बोलली. "कहती है, यहाँ झूला डालो," साईंनी सांगितलं, "अपने यहाँ इधरही था." काकांनी खिशातून पेन्सिल काढून तिथे झोपाळा लिहून घेतला. ती दोघं बराच वेळ त्या नसलेल्या छपराखाली उभी होती. त्यांना जायला सांगायचं कुणाच्या मनात आलं नाही.

एरवीही दर रविवारी काका-काकू तिकडे जायचे आणि मी त्यांच्या मागे. नवऱ्याने बायकोचं इतकं ऐकलेलं मी दुसरीकडे पाहिलं नाही. काकू म्हणाल्या, "चुलीपाशी धूर कोंडेल हो," की काका पायाने भिंत पुसून दुसरीकडे मारायचे. एकदा त्यांनी स्वयंपाकघराच्या मागे एक खोली वाढवायला लावली. "ही कोणाची?" मी विचारलं. "तुझी," काकू म्हणाल्या. "बाळंतपणाला कुठे जाणार आहेस तू? माहेरी कोण आहे तुझं? इथे यायचं. पहाटेचं ऊन येईल असं केलंय." मी आंब्याकडे तोंड करून उभी राहिले. आई गेल्यापासून मला कुणी 'इथे यायचं' असं म्हटलं नव्हतं.

मग एका रविवारी काकांनी जाहीर केलं, की आता भिंती पक्क्या, यापुढे बदल नाही. त्या दिवसापासून काकूंना चालायचं वेड लागलं. चौकटीतून आत सात पावलं, उजवीकडे चार, कडी, मग चूल. परत बाहेर. पुन्हा आत. काका शेजारी उभे राहून पुटपुटत मोजायचे. मी चिडवायची, "काकू, अहो किती प्रदक्षिणा घालाल? घर पळून नाही जात." त्या म्हणायच्या, "घर नाही गं पळत."

अखेर खरवईच्या मिस्त्रीने पाया खणायला घेतला. स्वयंपाकघराच्या दाराखाली नेमका खडक लागला. मिस्त्री कुदळ टेकवून म्हणाला, "काका, दार दोन हात इकडं घ्या. खडक फोडाया पंधरा दिस जातील. दोन हातांनी काय व्हतंय? कुनाला कळनार हाय?"

"तिला कळेल," काका म्हणाले.

"काकूना? त्यांला सांगा ना मंग. त्या काय नाय म्हननार हायत?"

काकांचा आवाज मी कधी रागाने चढलेला ऐकला नव्हता. त्या दिवशी चढला. "अरे, पाठ केलंय तिने हे घर! वर्षभरात तिला काही दिसणार नाही. दार आहे तिथेच पाहिजे."

मिस्त्रीने कुदळ खाली ठेवली. मी तिथेच उभी होते, हातात चहाची किटली घेऊन.

मुंबईच्या डॉक्टरांनी तीन वर्षांपूर्वीच सांगून टाकलं होतं. दोघांनी ते कुणाला कळू दिलं नव्हतं. काकूंना कीव नको होती. माझ्या डोळ्यांसमोरून सगळं सरकलं. तांदळातली ती बोटं, "कोण, सुधा का?", डोळे मिटून दुसऱ्यांच्या घरात धडपडणारे काका, ते टेंगूळ. आणि मी काकूंच्या त्या फेऱ्यांना प्रदक्षिणा म्हणाले होते. मला स्वतःची इतकी लाज आजवर कधी वाटलेली नाही. काका किटली माझ्या हातातून घेत म्हणाले, "सुधा, तिच्यासमोर डोळे पुसायचे नाहीत. ऐकू येतं तिला."

खडक फुटला. पंधरा नाही, बावीस दिवस लागले, आणि मिस्त्रीने शेवटचे तीन दिवस स्वतः खडक फोडायची सुतकी हातात घेतली. दार जिथल्या तिथे बसलं. सिमेंट तेव्हा परमिटवर मिळायचं, ते ओटी, माजघर आणि स्वयंपाकघर होईतो संपलं. मागची खोली, माझी, तशीच फक्कीत राहिली. काकांना त्याची फार चुटपुट लागली.

त्या वर्षी दिवाळीनंतरच्या रविवारी घर बघायला माणसं लोटली. फक्कीचं घर पाहून गेलेले सगळे खरं बघायला आले. साईंनी कॅम्पातून झोपाळ्याची फळी डोक्यावरून आणवली होती. आणि घर दाखवायला काकू! डोक्यावर पदर घेऊन पुढे, पाहुणे मागे. "हे माजघर. हा झोपाळा, जपून. इकडे या, ही चूल." एकदाही अडखळल्या नाहीत, एकदाही हात भिंतीला लावला नाही. त्यांची दृष्टी तोवर गेलेली होती, आणि चाळीस-पन्नास माणसांत ते एकाच्याही ध्यानात आलं नाही. मी काकांना शोधलं तर ते बाहेर आंब्याखाली उभे, डोळे मिटून. मला वाटलं थकले. जवळ गेले तर ओठ हलत होते. सात, मग चार. ते तिची पावलं ऐकत होते.

पुढे आमच्या यांना लांब नाशिककडे दुसरी नोकरी लागली. निघताना काका चौकटीपर्यंत आले. "खोली राहिली गं तुझी," म्हणाले. "पण दर दिवाळीला फक्की मारून ठेवीन. ये कधीही." माझं बाळंतपण परगावी, शेजारणींच्या भरवशावर झालं. त्या रात्री कळा सोसताना पहाटेचं ऊन येणारी ती खोली मला सारखी आठवत होती. आणि मुलगी चार वर्षांची झाली तेव्हा काका गेल्याचं पत्र आलं, साईंनी कुणाकडून तरी लिहवून पाठवलेलं.

मी मुलीला घेऊन बदलापूरला गेले. चौकटीत पाऊल टाकलं तोच आतून आवाज आला, "कोण, सुधा का?" काकूंनी मला जवळ घेतलं. मग मुलीचा चेहरा दोन्ही हातांनी चाचपला आणि म्हणाल्या, "नाक तुझं नाही हो." चहा त्यांनीच केला. डबा, गाळणं, कपबश्या, सगळं हात घालतील तिथे. आम्ही चहा घेऊन मागच्या दारात बसलो. समोर, माझी खोली आखलेली असायची तिथे, नुसतं अंगण होतं. पावसाळ्याने फक्की केव्हाच धुऊन नेली होती, आणि ती मारणारा माणूस राहिला नव्हता. जमिनीवर रेघेचा मागमूस नव्हता.

मुलगी कोंबडीच्या मागे लागली आणि अंगणातून सरळ धावत सुटली.

"अगं, भिंत आहे तिथे!" मी ओरडले.

पोर जागच्या जागी थबकली. तो आवाज माझा नव्हता, त्यातला चढ, ती घाई, सगळं काकांचं होतं. शेजारी काकू हसू लागल्या, आणि हसता हसता पदराने डोळे टिपू लागल्या.

"अगदी असेच ओरडायचे गं," म्हणाल्या. मग त्यांनी मला कोपराने ढोसलं. "अशी बसून काय राहिलीस? लहान आहे ती, कडीला हात पुरायचा नाही तिचा. ऊठ, दार उघड."

मी उठले. चूल मागे टाकून तीन पावलं गेले, डावीकडे वळले, आणि हात वर करून कडी काढली.