गळका गिअरबॉक्स

कळमन्यात माझ्या दुकानासमोर एक म्हातारा मिस्त्री वर्षभर एकाच जुन्या ट्रकखाली आडवा दिसायचा. ट्रकचा गिअरबॉक्स गळायचा. तो सील बदलायचा, बोटावर तेल घेऊन हुंगायचा आणि आठवड्याभरात पुन्हा खाली शिरायचा. शेवटी मालकानं कंटाळून ट्रक भंगारात काढला.

गिअरबॉक्स उतरवला तेव्हा त्याच्या माथ्यावरचं, हवा बाहेर जायचं छिद्र चिखलानं बुजलेलं दिसलं. आत कोंडलेली गरम हवाच तेलाला सीलमधून बाहेर ढकलत होती.

"सारी जिंदगी गाडीखाली गेली भाऊ," तो मला म्हणाला. "वरून हात घालून पाहाचं सुचलंच नाही मले."

मग त्यानं तारेनं ते छिद्र नीट साफ केलं, फुंकून पाहिलं, आणि मगच भंगारवाल्याला गिअरबॉक्स उचलू दिला.