तीन बोटांची मूठ

माझे थोरले दीर अनंतदादा जेवायला बसले की कमरेचं पिस्तूल काढून ताटाच्या डाव्या बाजूला ठेवत. लग्न होऊन मी खर्डीला आले, तेव्हा पहिल्याच दिवशी भात वाढताना थबकले. दादा म्हणाले, "वाढ गो. ते काय खात नाय."

त्यांच्या उजव्या हाताला करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट नव्हतं. हायवेलगतची आमची जमीन एका दलालाला हवी होती. दादांनी नकार दिल्यावर त्याची माणसं कोयते घेऊन थेट शेतात आली. डोक्यावरचा वार दादांनी हाताने झेलला. बोटं चिखलात पडली, तरी त्याच हाताने पातं धरून त्यांनी कोयता हिसकावून घेतला. "आता जमीन इकली तर बोटं फुकट गेली," एवढंच ते त्याबद्दल बोलत. मग त्यांनी परवाना काढला आणि सगळ्यांत स्वस्त मिळालं ते जुनं पिस्तूल घेतलं.

एकदा त्याच माणसांनी रेल्वे फाटकाजवळ त्यांची जीप अडवली. एका पोराने काच फोडून त्यांचा गळा धरला. दादांनी त्याच्या छातीला पिस्तूल लावलं. पण तीन बोटांत मूठ फिरत होती आणि चाप जड होता. तो पुरता ओढला जायच्या आत पोराने गळा सोडून हात जोडले. दादांनी पिस्तूल खाली केलं, पण घरी आले ते धुमसतच.

कल्याणला बंदुका दुरुस्त करणारा एकजण होता. हाताच्या मापाची मूठ बसवून देतो, चापही हलका करतो, म्हणाला. पण खर्च पिस्तुलाच्या किमतीहून जास्त सांगितला.

"दादा, तेवढ्यात नवीन येल," माझा नवरा म्हणाला. "गाढवाला चांदीचा लगाम कशाला?"

"नवीन बी पाच बोटांच्या माणसासाठीच बनवलेलं असंल," दादा म्हणाले. "हत्यार हाताला यायला पायजे रे."

आठवडाभर घरात हाच वाद चालला. आमच्यापैकी कुणीही पैशापलीकडचं बोललं नाही. शेवटी दादा कल्याणला गेले. परत आले तेव्हा चाप हलका झाला होता आणि लाकडी मूठ त्यांच्या हातात अशी बसली होती, जणू गेलेली बोटं परत आली.

त्या वर्षी खळ्यावर भाताची झोडणी चालू असताना तिघं मोटारसायकलवरून आले. फाटकावरचा तोच पोरगा पुढे होता. त्याने माझ्या नवऱ्याच्या खांद्यावर कोयता घातला. दादांनी गोळी झाडली. कोयता गळून पडला, पोरगा दंड धरून पळायला वळला, आणि दुसरी गोळी त्याच्या पाठीत शिरली. तो भाताच्या राशीवर पालथा पडला. दादा पिस्तूल टाकून धावले, त्याच्या जखमेवर आपला टॉवेल दाबून बसले. पोरगा तिथेच गेला. रक्ताने दाणे एकमेकांना चिकटले होते.

मी तुरुंगात भेटायला गेले तेव्हा दादा म्हणाले, "दुसरी गोळी मला मारायची नव्हती गो. आधी चाप ओढताना इचार करायला टाइम भेटायचा. तो टाइमच मी पैसे देऊन कापून टाकला."

शिक्षा भोगून दादा सुटले, तेव्हा घरच्या वाटेवर वाशिंदला हायवेलगत नव्या इमारती उभ्या राहिल्या होत्या. दादांनी तिकडे पाहिलंही नाही. आम्हा दोघांना घेऊन ते मुरबाडच्या बाजूला, त्या पोराच्या आईकडे गेले. म्हातारी चुलीपाशी होती. दादांनी आपलं नाव सांगितलं. तिने सरपणातलं लाकूड उचललं आणि त्यांच्या डोक्यात घातलं, मग खांद्यावर, मग पुन्हा डोक्यात. माझा नवरा मध्ये पडायला गेला.

"मारू दे रे तिला," दादा म्हणाले. दोन्ही हात त्यांनी पाठीमागे धरले होते.

म्हातारी दमली, तेव्हा लाकूड टाकून खाली बसली.

त्यानंतर दादा फार जगले नाहीत. पण त्या दिवशी मुरबाडहून परतताना मी पदराने त्यांचं कपाळ पुसायला गेले, तर त्यांनी माझा हात धरला. खर्डी येईपर्यंत त्यांनी ते रक्त कुणाला पुसू दिलं नाही.