शेळीचं दावं अन् दोन कोन

माझी शाळा दुसरीतच सुटली. धाकट्या भावंडांना संभाळायला घरी बसवलं. म्होरं लगीन झालं, थोरला लेक वारला, सून म्हायेरी गेली ती परत न्हाई आली. त्यांची पोर मी भातलावणी करून, बंगल्यांच्या कामावर घमेली वाहून वाढवली. झालं ते झालं.

नात बारावीला गणितात नापास झाली. परत परीक्षेला बसायची व्हती. धाकटा लेक, तिचा चुलता, म्हनला, "आता पास न्हाई झाली तर हिंजवडीला कंपनीत सफाईला." जागा बी बोलून ठेवली. पोरीला तर शिकायचं व्हतं.

एक दिस दुपारी वसरीवर तिनं पुस्तक आपटलं.

"काय गं, कशानं अडलं?"

"आज्जे, तुला न्हाई कळायचं."

"न्हाई कळू दे. तीन रेघांत येवढं काय हाय, ते तर सांग."

हसली. सांगाया लागली. त्रिकोणाच्या दोन बाजू म्हाईत, त्यातल्या एकीच्या समोरचा कोन म्हाईत, तर दुसरीच्या समोरचा कोन काढायचा. त्याला साइनचा नियम म्हनत्यात. लांब बाजूच्या समोरचा कोन मोठा, आखूड बाजूच्या समोरचा ल्हान. मला लई नवल वाटलं. कोन न मोजताच कळतो?

"मग अडलं कुटं?"

"पुस्तकात उत्तरं दोन, माझं एकच येतंय."

"छापनाराची चूक आसंल."

"दर गणिताला व्हय?"

तेवढ्यात शेजारच्या बंगल्याचा माळी वरडला, "मावशी, शेळी!"

खुट्याला बांधलेली आमची शेळी दावं ताणून, तारेच्या कुंपनातनं तोंड घालून त्यांची जास्वंद खात व्हती. म्या हाकलली. ती फिरून कोपऱ्यातल्या खांबाजवळ गेली, परत दावं ताणून तितनं खाया लागली. म्या काठी उचलली.

"थांब आज्जे, हाकलू नको!" नात पळत आली. "खांब तितंच, खुटा तितंच, दावं तेवढंच. पर दावं तारेला दोन जागी पोचतंय! खांबापासनं लांबच्या जागी दाव्याचा तारेशी कोन चिंचोळा, जवळच्या जागी फाकलेला. मी चिंचोळाच लिहीत व्हते."

"मग खरा कंचा?"

"दोन्ही."

"मावशी, जास्वंद संपली!"

"थांब रं, अभ्यास चाललाय." मी नातीला इचारलं, "दावं आखूड केलं तर?"

"करत गेलं तर शेवटी एकाच जागी टेकंल."

"आन् त्याहून आखूड?"

"पोचायचंच न्हाई. मग उत्तरच न्हाई."

मी दावं तेवढं आखूड केलं. माळी आपल्या कामाला लागला. नात सांजपत्तुर गणितं सोडवत बसली.

निकाल तिनं मोबाइलवर बघितला. पास. मोबाइल माझ्या हातात दिला तिनं. चुलत्याला फोन मीच लावला. म्हनलं, "ती जागा दुसऱ्या कुनाला दे."