बटण उशिरा कुणी दाबलं?

हदगावच्या आमच्या कापसाच्या जिनिंगमध्ये एका कामगाराचं बोट मशीनमध्ये चिरलं, तेव्हा मी, शहाणा सुपरवायझर, त्यालाच म्हणालो होतो, "थांबायचं बटण तूच उशिरा दाबलंस."

मग नांदेडहून मशीनचा प्रोग्राम तपासणारी एक बाई आली. बटण ती पुन्हा पुन्हा दाबायची आणि दर वेळी चुकचुकायची. शेवटी तिनं लॅपटॉप माझ्याकडे वळवला.

"काका, बटण दाबलं की मशीन आधी नोंद लिहून राहिलं, मग थांबून राहिलं. कुणाची अक्कल ही?"

"माझीच. रेकॉर्ड राहावं म्हणून."

"हात अडकलेल्या माणसाकडून आधी अर्ज घेता काय?"

प्रोग्राम तिनं तिथंच बदलला. मी चहा पुढं केला.

"ऱ्हाऊ द्या तो. आधी त्या कामगाराला बोलवा, अन् माझ्यासमोर सांगा चूक कुणाची होती ते."

माफी मागायची सवय नसल्यानं त्या दिवशी, तो बोटाला पट्टी बांधून बसला होता त्या गेटपर्यंतचा रस्ता मला लई लांब वाटला.