लिपस्टिकचं कापलेलं टोक

मैत्रिणींनो, आपलं फिरतं पत्र आठवडाभर माझ्या उशाखाली पडून होतं. लिहायचा कंटाळा, दुसरं काही नाही. आज मात्र डोकं फिरलंय.

दुपारी सुमन आणि मी मेन रोडला चपला घ्यायला गेलो. चपला राहिल्याच, कारण एका दुकानात जाड खडूसारखी लिपस्टिक दिसली. गडद डाळिंबी, लोण्यासारखी मऊ. सुमनने ओठांना लावून पाहिली. दुकानवाल्या काकू म्हणाल्या, "छान दिसते हो!"

मग मी लावली. आरशात मी मलाच आवडले. तेवढ्यात काकूंनी विचारलं, "तू कुठं राहतेस गं?"

"भीमनगरात."

काकूंनी ब्लेड काढलं, लिपस्टिकचं टोक कापलं आणि कचऱ्यात टाकलं.

"काकू, सुमननंतर नाही कापलं ते?"

"तसं नाही गं. स्वच्छता नको का?"

नंतर सुमन रस्ताभर चपलांबद्दलच बोलत होती. मी ओढणीने ओठ खसाखसा पुसले.

काकूंपेक्षा मला सुमनचाच राग जास्त येतोय. तुम्ही तिथं असता तर बोलला असतात? खरं सांगा.

थांबा, दार वाजलं. सुमन आलीये, आमच्या वस्तीत पहिल्यांदाच. तिच्या ओठांवर रंग अजून तसाच आहे.